शून्य नंबरची खुर्ची

रविवारची सकाळ. सगळं घर आरामात लोळत होतं आणि भिंगरी मात्र लॅपटॉपसमोर डोकं धरून बसली होती. पोरगी एका जागी टिकत नाही म्हणून मामानं तिला हे नाव दिलेलं. पण आज नऊ वाजल्यापासून ती खुर्चीवरून हलली नव्हती.

कोडिंगच्या सरांनी होमवर्क दिला होता, कुणाच्या तरी खऱ्याखुऱ्या कामाला येईल असा प्रोग्राम लिहा. भिंगरीनं मामा निवडला. मामा बावीस वर्षं संग्रहालयाच्या दारावर पहारेकरी. आतल्या एकेका वस्तूची हकिकत त्याला तोंडपाठ, पण दार सोडायची मुभा नाही. म्हणून भिंगरीनं पहिल्या खोलीतल्या बारा वस्तूंची माहिती त्याच्या आवाजात रेकॉर्ड केली. पाहुण्यानं टॅब हातात घ्यायचा, वस्तूपुढच्या पाटीवरचा नंबर दाबायचा, की मामा बोलणार. आज चार वाजता संग्रहालयाच्या मुख्य बाई ते ऐकणार होत्या. पसंत पडलं तर मामाचा आवाज कायमचा. नाही तर त्या दुसऱ्या कुणा निवेदकाला बोलावणार होत्या. मामा आठवडाभर गुळण्या करत होता.

आणि बारा नंबर दाबला की प्रोग्राम बंद! एक ते अकरा बिनतक्रार चालत होते, बाराला लाल अक्षरं.

"जेवून घे गं," आई म्हणाली. "उपाशीपोटी ते यंत्र काय तुला दाद देणारे?"

"आई, दोन मिनिटं."

"तुझी दोन मिनिटं सकाळी नवाला सुरू झालीत."

तीन वाजले तशी भिंगरीनं पळवाट काढली. बारा दाबला की मामाचं 'धन्यवाद, पुन्हा या' वाजेल, असं लिहून टाकलं. लाल अक्षरं गेली. बाकीचे नंबर तिनं पटापट दाबून पाहिले. मामाचा आवाज येतोय ना, मग झालं तर. तो काय बोलतोय ते कोण ऐकतंय? ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. प्रोग्राम टॅबमध्ये टाकला, दोन घास कोंबले आणि आईला ओढतच ती संग्रहालयात पोचली.

मामा कडक इस्त्रीच्या गणवेशात दारात उभा होता.

"आलीस का भिंगरे? बाईंपुढे मी काय बोलू?"

"मामा, तू नुसता उभा राहा. बोलायचं काम टॅबचं."

मुख्य बाईंनी पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या हाती टॅब दिला. पहिली वस्तू म्हणजे न्हाव्याची जुनी खुर्ची. आजोबांनी एक दाबला. मामाचा आवाज घुमला, "हिचा बार उडाला की तीन गल्ल्यांतल्या खिडक्या थरथरायच्या!"

आजोबा दोन पावलं मागे सरले. "नको रे बाबा. दाढी वाढलेलीच बरी."

पुढे तोफ. "यात तान्हं बाळ अलगद ठेवायचं. रडलं तर रडू द्यायचं."

"अहो, धीराचं बाळ हो!" आजी म्हणाल्या.

मग तान्ह्या बाळांचा वजनकाटा. "घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि एका झटक्यात दात उपटायचा!"

आजी हसता हसता बाकावर बसल्या. बाई हसत नव्हत्या.

मामा आईला दारात उभी करून आत आला. कामाच्या वेळेत दार सोडायची बावीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. "बाई, माझीच चूक. बोलताना क्रम चुकला असणार. वय झालं आता."

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी टॅबसाठी हात पुढे केला.

भिंगरी मध्ये आली. गप्प बसली असती तर होमवर्कला धक्का लागला नसता.

"मामाचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "चूक माझी आहे. कंप्युटर यादी शून्यापासून मोजतो, मी एकापासून धरली. म्हणून सगळं एकेक घर पुढे गेलंय. काहीतरी बिघडलंय हे सकाळीच कळलं होतं मला. पण मी ते झाकलं."

"मग आता दुरुस्त कर."

"लॅपटॉप घरी आहे."

बाईंनी घड्याळ पाहिलं. मामानं मात्र खुर्चीपुढची एक नंबरची पाटी उचलली आणि तोफेपुढे ठेवली.

"यंत्राची समजूत घालायला वेळ नाही ना? मग आपणच सरकू. भिंगरे, कागदावर एक मोठं शून्य काढ."

आजोबांनी दोन नंबर उचलला, आजींनी तीन. पाच मिनिटांत पाट्या सरकल्या. बारा नंबरची उरली, ती भिंगरीनं बाहेर जायच्या दारावर लावली.

"शून्य नंबरची वस्तू!" बाई पुटपुटल्या. "बावीस वर्षं दार सांभाळलंत, आज खोलीच हलवलीत." आणि त्यांनी स्वतःच टॅब घेऊन शून्य दाबला. खुर्चीपुढे खुर्चीच बोलली.

आजी-आजोबांना सोबत घेऊन बाईंनी एकेक करत सगळं ऐकलं. शिवणयंत्रापाशी थांबून तर दोनदा ऐकलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामाची टोपी त्याच्याच हातात पिळून निघाली होती.

"शिवणयंत्राला तुम्ही शिंकलात," बाई म्हणाल्या.

"हो बाई. धूळ होती. ते काढून टाकू?"

"राहू द्या. आजी तिथेच सर्वांत जास्त वेळ थांबल्या." बाईंनी टॅब भिंगरीच्या हाती दिला. "यातलं हे शून्याचं नीट करून आण. आणि दुसऱ्या खोलीचं रेकॉर्डिंग कराल तेव्हा आधी झाडून घ्या."

"दुसरी खोली?" मामानं विचारलं.

"मग, एवढ्यावरच थांबणार होतात?"

मामानं टोपी घातली. घाईत उलटी घातली गेली, ते कुणी त्याला सांगितलं नाही.