भोळ्याला फुटलेली पानं

सगळं रान वाळून करडं पडलेलं आणि भोळ्या तेवढा हिरवागार. बरं, थोडाथोडका नव्हे, शेंड्यापर्यंत. बघणाऱ्याला कौतुक वाटलं असतं. सुनेला मात्र त्याच्याकडे बघवत नव्हतं.

भोळ्या म्हणजे झाड. निरीक्षण केंद्राच्या क्वार्टरमागे, मोरीच्या दाराच्या पायऱ्या उतरलं की समोरच. जाड बुंधा, कागदासारखी सुटणारी साल. नाव ठेवलं होतं तिच्या नवऱ्याने. नवराबायको दोघंही केंद्रात नोकरीला, काम झाडं मोजायचं. प्रत्येक बुंध्याभोवती पोलादी पट्टी, पट्टीला स्प्रिंग. झाड पाणी प्यायलं की बुंधा जरासा फुगतो, पट्टी सरकते. पाणी आटलं की परत आवळते. माप घ्यायचं पहाटे, ऊन चढायच्या आत.

नवरा म्हणायचा, रानात झाडांच्या दोनच जाती, बिलंदर आणि भोळी. उन्हाळ्यात सगळीच पानं टाकून, अंगातलं पाणी जपत गप्प उभी असतात. पूर्वी पाऊस आला की मुक्कामालाच यायचा. आता कधीही एखादी सर येते आणि मग महिनाभर तोंड दाखवत नाही. बिलंदर झाडं त्या सरीकडे ढुंकून बघत नाहीत. भोळी लगेच हुरळतात, जपलेलं सगळं पाणी पानांवर उधळतात, आणि पानं करपली की हात चोळत बसतात. कधीकधी मरतातही.

"आमच्या आईसारखं आहे हे," तो मागच्या झाडाकडे बोट करून म्हणायचा. "कोणी दोन शब्द गोड बोललं की हिने चहा टाकलाच."

सासू आतून ओरडायची, "ऐकू येतंय मला."

गेल्या उन्हाळ्यात अशीच एक अवेळी सर आली. सर कसली, आभाळच फाटलं. पट्ट्या बघून येतो म्हणून तो ओढ्यापलीकडे गेला तो गेलाच. कोरडा ठणठणीत ओढा बघता बघता छातीला लागला, असं राखणदार सांगत होता. माणसांनी रान पालथं घातलं. सापडलं काहीच नाही, पायातला बूटसुद्धा नाही. आणि जे सापडत नाही त्याच्यासाठी रडायचं तरी कसं? सून मुकाट कामावर जाऊ लागली. सासूने आपलं एक काम सोडलं नाही. तो रानातून यायच्या वेळी ती त्याच्या अंघोळीची बादली भरून मोरीत ठेवायची, तशी ती अजूनही रोज संध्याकाळी ठेवत होती. त्या बादलीबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नसे.

आता सुनेची बदली झाली होती. उद्या सामानाचा ट्रक येणार होता. खोके बांधून झाले होते आणि सासू हटून बसली होती.

"तू जा. मी नाही येत."

"आई, इथे एकट्या राहणार तुम्ही? या गुडघ्यांनी?"

"झाड बघितलंस ना? पाऊस नाही, पाणी नाही, आणि त्याचं झाड पालवलं. तो यायचा आहे, पोरी. मी गेले तर दार कोण उघडणार?"

सुनेला भडभडून आलं आणि रागही आला. झाड का पालवलं ते तिला चांगलं ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस भोळ्याची पट्टी सरकत चालली होती. आज पहाटे तिने बुंध्याशी हात लावून पाहिलं तर माती ओली. रोज माप घेऊन ती घरी येते तेव्हा मोरीतली बादली रिकामी असते. यात न कळण्यासारखं काय होतं? म्हातारी लेकाच्या अंघोळीचं पाणी झाडाला घालत होती आणि झाड बिचारं त्याला पाऊस समजलं होतं. हे आज सांगून टाकायचं, म्हातारीला कितीही लागलं तरी. नाहीतर ती इथून हलणार नव्हती.

ती सासूसमोर जमिनीवर बसली.

"आई, रागावू नका. झाडाला पानं फुटली ती तुमच्यामुळे. तुम्ही रोज ती बादली त्याच्या मुळाशी ओतता ना, म्हणून. तो यायचा आहे म्हणून नाही."

"मी कुठे ओतते?"

"मग?"

"त्या पायऱ्या उतरून वर्ष होत आलं मला. भरलेली बादली मला उचलते का? मी नळाखाली भरते, तिथेच ठेवते. सकाळी उठते तर ती रिकामी असते. पाणी वाया नको जायला म्हणून तूच जाता जाता झाडाला घालत असशील, असं वाटायचं मला. चांगलं वाटायचं. तुला दुखायला नको म्हणून कधी विचारलं नाही."

सून तर पहाटे पुढच्या दाराने जायची. त्या बादलीला तिने वर्षभरात हात लावला नव्हता. तिला बादलीकडे बघवायचंच नाही.

घरात तिसरं कोणी नव्हतं. मोरीच्या दाराची कडी आतून असायची.

"म्हणजे गं?" सासूने हळूच विचारलं. आता तिच्या आवाजात आनंद नव्हता. ती भ्यायली होती.

सूनही भ्यायली होती, आणि त्या भीतीच्या तळाशी तिला बरं वाटत होतं, त्याचीच तिला जास्त भीती वाटली. मागच्या खिडकीतून भोळ्या दिसत होता. सगळी पानं बाहेर काढून बसलेला, अंगातलं होतं नव्हतं ते खर्चून. आता पाणी थांबलं तर आठवडाभरात करपेल. हे मात्र तिच्या विद्येप्रमाणे अगदी खरं होतं.

तिने फोन उचलला आणि ट्रकवाल्याला सांगितलं की उद्या येऊ नका. कधी यायचं ते त्याने विचारलं. कळवते, म्हणाली.

मग ती मोरीत गेली. टाकीचं पाणी तळाला लागलं होतं, नळाची धार करंगळीएवढी. तिने बादली खाली सरकवली, खोक्यातून नवऱ्याचा टॉवेल शोधून काढला आणि खुंटीला अडकवला.

"काठोकाठ भर," सासू बाहेरून म्हणाली. "पाऊस लांब आहे अजून."