आखाजीचा डाव

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, डिंपल दोंडाईच्याहून सावद्याला माहेरी आली, तर चौथ्याच दिवशी तिची सासू प्रमिलाबाई न्यायला हजर. म्हणे पापड-कुरडया खोळंबल्यात. सुगंधाबाईंना लेक अजून आठ दिवस हवी होती. पण विहिणीशी वाद कोण घालणार? आखाजीत घरोघरी डाव रंगतात, म्हणून त्यांनी सरळ सोंगट्यांचा पट अंथरला.

"मी जिंकली तर डिंपल आठ दिवस राहीन. तुमी जिंकल्या तर आजच घेऊन जा."

सुगंधाबाई समोरचा बघून खेळायच्या. पक्क्या गड्यासमोर सोंगट्या जोडीनं हाकायच्या, कारण जोडीला कुणी मारू शकत नाही. नवख्यासमोर मात्र एकेकटी सोंगटी बिनधास्त मोकळी सोडायची आणि मारामारीत त्याला भंडावून सोडायचं. प्रमिलाबाईंनी कवड्या ओंजळीत धरून विचारलं, "पहिले कोन खेळस?" झालं, सुगंधाबाईंनी त्यांना नवख्यांत जमा केलं.

तिथंच घात झाला. बघता बघता सुगंधाबाईंच्याच तीन सोंगट्या मेल्या आणि परत पहिल्या घरापासून निघाल्या. लेक हातची जाणार. त्यांनी मुकाट्यानं पवित्रा बदलला. मारामारी बंद, जोडी धरून घरचा रस्ता. कवड्यांनीही साथ दिली. शेवटी सुगंधाबाईंना जिंकायला एकच दान हवं होतं, पण त्यांची एक सोंगटी उघड्यावर एकटी होती आणि विहिणीची सोंगटी बरोबर चार घरं मागे.

प्रमिलाबाईंना चारच पडले. त्यांनी बोटानं घरं मोजली, दारात उभ्या डिंपलकडे पाहिलं आणि भलतीच सोंगटी सरकवली. पुढच्या दानात सुगंधाबाई जिंकल्या.

डिंपलनं टाळ्या पिटल्या. सुगंधाबाईंना आनंद झालाच, पण झोंबलंही. आजवर समोरच्याला जोखून खेळणाऱ्या त्याच. आज त्यांनाच कुणी जोखून सांभाळून घेतलं होतं.

"माही सोंगटी मारता येत होती, मंग मारली काहून नाही?"

"दिसनी नही," प्रमिलाबाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या.

"मले शिकवू नका. अजून एक डाव मांडू. आता खरं खेळा."

प्रमिलाबाई हसल्या. "मी खरं खेळनू ते डिंपलले आत्तेच गाडीमा बसनं पडी."

सुगंधाबाईंनी लगेच पट गुंडाळला.