एकशे वीसपैकी एकशे वीस

इन्चार्ज सिस्टरांनी अकराही कागद टेबलावर उभे आपटले, कडा सारख्या केल्या आणि चष्मा वर सरकवून एकेक कागद तपासायला घेतला.

प्रत्येक कागदावर चोवीस वाक्यं छापलेली होती आणि प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकटी, 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आपल्या वॉर्डच्या इन्चार्ज आपल्याला कामात कितपत मोकळीक देतात?' नाव लिहायचं नव्हतं. कागदांसोबत अकरा पाकिटंही आली होती. ती टेबलाच्या कोपऱ्यात रबरबँडसकट तशीच पडून होती. कुणाची एखादी चौकट कोरी राहिली तर हे कागद पाठवणाऱ्या पाहणीवाल्या बाईचं काम अडायला नको, म्हणून इन्चार्जनी सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "भरून माझ्याकडे द्या. मी एकदा नजर टाकते, मग पाकिटात घालू."

सातव्या कागदावर त्यांचं बोट थांबलं. चौदावं वाक्य होतं, 'माझं मत वेगळं असेल तर इन्चार्ज ते ऐकून घेतात.' पुढच्या पाचही चौकटी कोऱ्या. बाकीच्या खुणांच्या रेघा मात्र डाव्या हातानं ओढल्यासारख्या उलट्या कललेल्या होत्या. इन्चार्जनी मान वर न करताच हाक मारली.

"अगं डावखुरे, इकडे ये जरा."

डावखुरी हातातला ट्रे ठेवून आली. या वॉर्डात तिला चार वर्षं झाली होती. हात हलका, बोलणं कमी, आणि शीर सापडत नसेल तर इतर नर्सेस तिलाच बोलवायच्या.

"एक राहिलंय बघ तुझं."

"हो का? नजरचुकीनं राहिलं असेल."

तिनं खिशातलं पेन काढलं, वाक्य न वाचताच शेवटच्या चौकटीत खूण केली आणि पेनाचं टोपण लावलं.

"झालं?"

"झालं. जा."

इन्चार्जनी उरलेले चार कागद पाहिले, सगळे पाकिटांत घातले आणि समाधानानं पाकिटांच्या कडा चिकटवल्या. अठ्ठावीस खाटांचा बायकांचा सर्जिकल वॉर्ड त्या एकोणीस वर्षं सांभाळत होत्या. चादरीची घडी, सलाइनचा वेग, औषधांच्या कपाटाची किल्ली, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. आपल्या मुलींवर त्यांचा जीव होता. कुणाचं मूल आजारी असलं तर त्या स्वतः दुपारची पाळी करायच्या, पण तिला घरी पाठवायच्या. मोकळीक मोकळीक म्हणतात ती आणखी वेगळी काय असते, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पाहणीवाली बाई तीन आठवड्यांनी आली. नर्सिंग कॉलेजात शिकवायला जाण्याआधी तिनं स्वतः बारा वर्षं वॉर्डात काढली होती. त्यामुळे खुर्चीवर बसतानासुद्धा ती अर्धीच टेकली, आता कुणी हाक मारेल अशा बेतानं. सात वॉर्डांची पाहणी पुरी झाली होती. इन्चार्जनी चहा मागवला.

"आमचे किती?" त्यांनी हसत विचारलं.

"एकशे वीसपैकी एकशे वीस."

"सरासरी?"

"सरासरी कशाची काढायची, सिस्टर? अकरा कागद आणि अकराही सारखे."

इन्चार्जचा चेहरा खुलला. पाहणीवाली मात्र कपाकडे बघत होती.

"तुमचा वॉर्ड मी हिशेबातून बाजूला काढतेय," ती हळूच म्हणाली. "वाईट वाटून घेऊ नका. अकरा बायकांचं चहात साखर किती घालायची यावरसुद्धा एकमत होत नाही. इथं चोवीस प्रश्नांवर झालंय."

"म्हणजे माझ्या मुली खोटं बोलल्या?"

"तसं नाही म्हणत मी. कागद कुणी गोळा केले?"

"मीच. कोरी जागा राहू नये म्हणून..." इन्चार्जची नजर टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे गेली, जिथे पाकिटं पडून राहिली होती.

पाहणीवालीनं चहा संपवला. समोरच्या हाडांच्या वॉर्डाला शहाऐंशी मिळाले होते, एवढं तिनं जाता जाता सांगितलं. तिथल्या नर्सेसनी कागदाच्या पाठीमागेसुद्धा लिहून ठेवलं होतं. रजेचं वेळापत्रक, ड्रेसिंगची पद्धत, अगदी इन्चार्जच्या आवाजाबद्दलसुद्धा. "तिथल्या इन्चार्ज ते वाचत होत्या आणि हसत होत्या," ती म्हणाली. "मला हेवा वाटला त्यांचा."

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना इन्चार्जनी नवऱ्याला विचारलं, "अहो, खरं सांगा. घरात मी तुम्हाला काही ठरवू देत नाही का?"

नवऱ्यानं घास हातातच धरला. बराच विचार केला.

"तुला काय वाटतं?" तो म्हणाला.

एरवी या उत्तरावर दोघं खळखळून हसले असते. इन्चार्ज उठल्या आणि पाणी आणायला आत गेल्या.

पुढचे काही दिवस त्या तुटक बोलत होत्या. पाहणीवालीचा त्यांना राग आला होता, आणि तो राग आतल्या आत धुमसत राहिला. बारा वर्षं वॉर्डात काढली म्हणे, आणि आता कागद मोजत फिरते. वॉर्ड चालवून दाखव म्हणावं. नर्सेसना काय झालंय ते कळत नव्हतं. त्या नेहमीपेक्षा जास्तच विचारू लागल्या. "मॅडम, बारा नंबरची पट्टी आता बदलू?" "मॅडम, सोळा नंबरला उठवून बसवू?" प्रत्येक प्रश्नाला इन्चार्ज उत्तर द्यायच्या, कारण उत्तर त्यांना माहीत असायचं. पण आता उत्तर देताना त्या प्रश्न मोजू लागल्या होत्या. एका सकाळी जेवणाच्या सुट्टीआधीच एकेचाळीस झाले, तेव्हा त्यांनी मोजणं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात मेट्रनच्या ऑफिसात बैठक लागली. अर्ध्या तासाची म्हणून लागलेली बैठक दोन तास चालली. इन्चार्ज वॉर्डात परतल्या तेव्हा डावखुरी नऊ नंबरच्या खाटेजवळ उभी होती. खाटेवर एक निवृत्त शिक्षिका होत्या. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता आणि कपाळावर घाम होता. खाटेच्या पायाशी तक्ता लटकत होता. इन्चार्जनी तो हातात घेतला.

नाडी ब्याण्णव. पंधरा मिनिटांनी एकशे चार. मग एकशे बारा. मग एकशे अठरा. मग एकशे चोवीस. शेजारी रक्तदाब, तोही पायरी पायरीनं उतरत गेलेला. अक्षर सुरेख, वेळ मिनिटापर्यंत अचूक.

"डॉक्टरांना कळवलंस?"

"नाही, मॅडम. तुम्ही येतच होतात."

इन्चार्ज फोनकडे धावल्या. डॉक्टर चार मिनिटांत आले, वीस मिनिटांत शिक्षिकाबाई पुन्हा ऑपरेशन थिएटरात होत्या. आत एक रक्तवाहिनी सुटली होती. ती बांधली, रक्त चढवलं. तासाभरानं सर्जन बाहेर आले आणि मास्क गळ्यात ओढत म्हणाले, "वाचल्या. पण आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो."

इन्चार्जनी डावखुरीला कपड्यांच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. रचलेल्या चादरींना पाठ लावून दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"तुला दिसत नव्हतं का गं?"

"दिसत होतं."

"मग?"

डावखुरीनं नखानं एका चादरीची शिवण उसवल्यासारखी केली. "गेल्या वर्षी चार नंबरच्या आजींना धाप लागली होती, तेव्हा मी परस्पर फोन केला होता. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'मी काय मेले होते का?'"

इन्चार्जना ते आठवत नव्हतं. त्यांनी खूप आठवून पाहिलं. वाक्य मात्र त्यांचंच होतं. त्याच्या आवाजासकट, त्याच्या धारेसकट त्यांचंच. असं वाक्य आपण किती वेळा, कुणाकुणाला म्हटलं असेल, याचा त्यांना अंदाज येईना.

दुसऱ्या दिवशी मेट्रननी लेखी खुलासा मागितला. डॉक्टरांना कळवायला पाऊण तास उशीर का झाला? मेट्रन वाईट बाई नव्हत्या, पण त्यांना फाइल मिटवायची होती. "नर्सनं कळवलं नाही, एवढंच लिहा," त्या म्हणाल्या. "तिला समज देऊ. प्रकरण तिथंच संपेल."

इन्चार्जनी तसं लिहिलं नाही. घरी बसून त्यांनी चार कागद फाडले आणि पाचव्यावर लिहिलं, की संबंधित परिचारिकेनं रुग्णाची स्थिती वेळोवेळी अचूक नोंदवली. माझ्या परवानगीशिवाय पाऊल उचलायचं नाही, ही सवय वॉर्डाला मी लावली आहे. उशिराची सर्व जबाबदारी माझी. खाली सही केली, सकाळी कागद मेट्रनच्या टेबलावर ठेवला, आणि जिना उतरताना कित्येक दिवसांनी त्यांना हलकं वाटलं. एका मुलीला आपण पाठीशी घातलं होतं. पाहणीवालीनं यावं आणि आता मोजावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

शिक्षिकाबाई सावरत होत्या. दुसऱ्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्या उशीला टेकून बसल्या आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलीचे उच्चार सुधारू लागल्या, तेव्हा वॉर्डातल्या सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला.

त्या दुपारी डावखुरी इन्चार्जच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात ट्रे नव्हता, तक्ता नव्हता. काही विचारायलाही आलेली दिसत नव्हती.

"मॅडम, तुम्ही खुलासा लिहून दिलात म्हणे."

"दिला. तुझ्यावर काही येणार नाही. निर्धास्त राहा."

"मला सांगितलं नाहीत."

"त्यात तुला काय सांगायचं? मी बघून घेतलं ना सगळं."

"तेच," डावखुरी म्हणाली.

तिचा आवाज बारीक होता, पण ती हलली नाही. इन्चार्जनी पेन खाली ठेवलं.

"नाडी एकशे चार झाली तेव्हाच मला कळलं होतं, मॅडम. आत रक्त जातंय. फोन सहा पावलांवर होता. तुम्ही ओरडाल याची भीती वाटली हे खरं. पण ती भीती बाजूला ठेवून मी सहा पावलं चालू शकले असते. त्या बाईंकडे बघत मी पाऊण तास उभी राहिले. ते मी केलं. तुम्ही नाही." तिनं श्वास घेतला. "तुम्ही सगळं स्वतःच्या नावावर लिहून टाकलंत. म्हणजे मी तिथं नव्हतेच. नुसती नाडी मोजणारं एक यंत्र होतं. मला हे पटलेलं नाही."

इन्चार्जच्या जिभेवर उत्तर तयार होतं. अगं, वेडी का तू, नोकरीवर डाग लागेल, तुला काय कळतंय, मी आहे ना. एकोणीस वर्षांत असं उत्तर त्यांना शोधावं लागलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. डावखुरीच्या मानेवरची शीर उडत होती. ती लपवायचा तिनं काही प्रयत्न केला नव्हता.

इन्चार्जनी तोंड मिटलं.

"मेट्रन तुला समज देतील," त्या म्हणाल्या. "लेखी. ती तुझ्या फाइलला लागेल."

"माहीत आहे."

"माझं लिहिलेलं मी मागे घेणार नाही. ते माझ्यापुरतं खरं आहे."

"नका घेऊ. माझं मी वेगळं देते."

बाहेर चार वाजत आले होते. ही वेळ तापमान आणि रक्तदाब बघण्याची, आणि आज ते डावखुरीकडे होतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे. इन्चार्ज उठल्या. टेबलावर पसरलेली वेळापत्रकं, शिक्के, औषधांच्या मागणीचं पुस्तक, सगळं त्यांनी एका हातानं बाजूला सारलं आणि पुरेशी जागा केली. खणातून कोरे कागद काढून तिथे ठेवले. एकाच्या ऐवजी चार-पाच ठेवले, कारण असलं काही पहिल्या कागदावर उतरत नाही हे त्यांना ठाऊक झालं होतं.

"खुर्चीवर बस," त्या म्हणाल्या. आणि मग, अडखळत, "बसा."

डावखुरी बसली. काय लिहावं, सुरुवात कशी करावी, असं तिनं विचारलं नाही. इन्चार्ज क्षणभर तिच्या मागे थांबल्या, मग दार ओढून घेत बाहेर आल्या.

रक्तदाबाचं यंत्र घेऊन त्या पहिल्या खाटेपासून निघाल्या. हे काम त्यांनी कित्येक वर्षांत सलग केलं नव्हतं. पट्टा गुंडाळायला आधी वेळ लागला, मग हाताला जुनी लय सापडली. नोंद करायची, तक्ता अडकवायचा, पुढची खाट. खिडकीजवळच्या खाटेवरची बाई त्यांना बघून चपापून सरळ बसली.

"आज तुम्ही स्वतः? आमच्या रोजच्या सिस्टर रजेवर आहेत का?"

"नाही," इन्चार्ज तिची बाही वर सरकवत म्हणाल्या. "त्या कामात आहेत."

"बोलावता का जरा? त्यांना एक विचारायचं होतं."

इन्चार्जनी बंद दाराकडे पाहिलं. मग पट्टा नीट बसला का ते चाचपलं.

"त्यांचं झालं की त्या येतील," त्या म्हणाल्या. "हात सैल सोडा."