हरले तर पुण्याला

यंदाच्या निवडणुकीत माझा नवरा पडावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. हसू नका. आणि निवडणूक काही दिल्लीची नव्हती, आमच्या सुमिदाकाठ मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची होती. या जपानी शहराच्या कोतो वॉर्डातली शंभरेक मराठी माणसं, पण रुबाब असा, की जसं काही राष्ट्रपती निवडतायत.

हे, म्हणजे चंद्रशेखर, तीस वर्षांपूर्वी योकोहामाच्या एका संस्थेत संशोधनाला आले, तिथूनच निवृत्त झाले आणि मंडळाच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दर वेळी समोर कुणीतरी नावापुरतं उभं राहायचं आणि नावापुरतं पडायचं. यंदा जयेश उभा राहिला. तोयोसूच्या उंच टॉवरमध्ये राहणारा, आयटीतला, चाळिशीचा, साखरेसारखा बोलणारा. मी म्हटलं, आला बाई एकदाचा.

पुण्यात माझी चित्राताई एकटी असते. तिला हल्ली विसरायला होतं. दोनदा गॅस चालू ठेवून देवळात गेली. तिची मुलगी केतकी अमेरिकेत. तिने सरळच सांगितलं, "मावशी, तू येऊन राहणार असशील तर बघ, नाहीतर दिवाळीनंतर मी आईला होममध्ये ठेवते." ताई मला अजून ओळखते. पुढच्या वर्षी ओळखेल असं डॉक्टरसुद्धा म्हणत नाहीत. मी एकटीच गेले असते, पण बायपासनंतर ह्यांना एकटं सोडायची सोय राहिलेली नाही. सकाळची गोळी घेतली की नाही हे मलाच विचारतात.

मी भांडले, रडले, अबोला धरला. शेवटी हे म्हणाले, "हरलो तर बॅगा भरू. जिंकलो तर मात्र दोन वर्षं पुरी करायची. लोकांना तोंड दाखवायचंय मला." मी लगेच ताईला फोन करून सांगून टाकलं. बाकी सगळं विसरणारी ताई, हे मात्र विसरेना. रोज विचारायची, "पडले का गं ते?"

आता मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शैलेंद्र दर रविवारी पोल टाकायचा, काका, म्हणजे हे, की जयेश. हा शैलेंद्र विद्यापीठात पोस्टडॉक आहे, आकडेवारी हाच त्याचा प्राण. पहिल्या पोलमध्ये मी गुपचूप जयेशच्या नावावर बोट ठेवलं. मला काय माहीत, कुणी काय दाबलं ते सगळ्यांना नावासकट दिसतं म्हणून!

ते कळलं वॉर्डाच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात. संकष्टीच्या कार्यक्रमासाठी आम्ही साबुदाणेवडे तळत होतो आणि वड्यांपेक्षा चर्चाच जास्त तळली जात होती.

"काका सहाने पुढे होते, आता जयेश चारने पुढे," शैलेंद्र म्हणाला. "कल फिरलाय."

"फिरला नाही, फिरवलाय," कश्मिरा म्हणाली. ही जयेशची शेजारीण आणि प्रचारप्रमुखच म्हणा ना. "घरचंच मत फुटल्यावर लोक काय करतील? काकू, तुम्ही जयेशला दिलंत ना? मला दिसलं."

मेले मी लाजेने. "बोट घसरलं गं," म्हटलं आणि तेलकट हातांनी फोन घेऊन ते मत काढून टाकलं.

"तरी यावर विश्वास किती ठेवायचा?" शैलेंद्रचं चालूच होतं. "आपली माणसं भिडस्त. काका भेटले की 'तुम्हालाच', जयेश भेटला की 'तुलाच'. पंधरा जणांनी तर दोघांनाही दाबलंय."

"अरे, वाईट कुणी व्हायचं?" कश्मिरा म्हणाली.

मी मान वर केली तर दारात हे उभे. हातात चहाचे रिकामे कप. कधीपासून उभे होते कोण जाणे. कप सिंकमध्ये ठेवले, "वडे छान झालेत," म्हणाले आणि गेले. वडा अजून चाखलाही नव्हता. घरी येऊनही त्या गोष्टीचं अवाक्षर काढलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर पोल घसरतच गेला. जयेश सातने पुढे, मग नऊने. ह्यांची झोप उडाली आणि माझी भूक परत आली. मी कपाटावरची मोठी बॅग काढून पुसली, माळ्यावर ठेवायच्या मिषाने. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात ताईच्या शेजारच्या खोलीतला पलंगसुद्धा खिडकीकडे सरकवला होता.

मतदानाच्या दिवशी सकाळी शैलेंद्रने शेवटचा अंदाज टाकला. जयेश बाराने पुढे. खाली लिहिलं होतं, "आता चमत्कारच हवा." लोक हॉलमध्ये ह्यांना भेटताना आजाऱ्याला भेटल्यासारखे हात हातात घेत होते. हे नेहमीप्रमाणे दारातले बूट एका रेषेत लावत होते. वाकताना छातीवर हात ठेवत होते.

चिठ्ठी हातात घेऊन मी पडद्यामागे गेले. जयेशचं नाव वर होतं. पेन टेकवलं आणि ते बूट लावणारे हात डोळ्यांसमोर आले. वाटलं, बारा मतांनी पडतोच आहे माणूस. पडू दे. पण मोजताना बायकोचं एक मत तरी असू दे त्याच्या वाट्याला. त्याने काय बिघडणार आहे? मी ह्यांच्या नावापुढे मताची खूण केली.

बिस्किटांच्या डब्यातून चिठ्ठ्या निघाल्या. कश्मिराने मोठ्याने वाचल्या. काका, जयेश, काका, काका. शैलेंद्रचा चेहरा उतरत गेला. शेवटी आकडा आला, जयेश त्रेचाळीस, काका चव्वेचाळीस.

टाळ्या पडल्या. एकेक जण येऊन माझ्या कानात सांगू लागला, "काकू, काका पडणारच होते ना, म्हटलं निदान मान तरी राखू." जयेशच्या सख्ख्या शेजाऱ्यानेही हेच सांगितलं. सगळ्यांना एकाच वेळी दया आली होती, माझ्यासकट. जयेश ह्यांच्या पाया पडला. ह्यांना शाल दिली, नारळ दिला. माइकवर हे म्हणाले, "दोन वर्षं मी तुमचाच." मी त्या टाळ्यांमध्ये बसून होते.

घरी जाताना पुलावर हे थांबले. म्हणाले, "सुचेता, मी जयेशला मत दिलं."

"काय?"

"एरवी मी कोरी चिठ्ठी टाकतो. स्वतःला मत देणं बरं दिसत नाही. या वेळी म्हटलं, तुला जायचंय तर निदान माझ्याकडून आडकाठी नको. पोलवर तुझं नाव बघितलं होतं मी." मग म्हणाले, "तू तरी दिलंस ना त्याला?"

मी नदीकडे तोंड फिरवलं. ह्यांना कळलं. हिशोब करायला शैलेंद्र नको होता. माझं एक मत तिकडे पडलं असतं तर आकडे उलटे झाले असते आणि आम्ही आज तिकिटं काढली असती.

"राजीनामा देऊ का?" ह्यांनी विचारलं. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि बायपासनंतर पहिल्यांदा चेहऱ्यावर रक्त दिसत होतं.

"माझ्यावर कशाला टाकता?" मी ओरडले. "द्यायचा असता तर तिथेच माइकवर दिला असता!" बाजूने जाणारा सायकलवाला दचकून बघायला लागला. ह्यांनी खांद्यावरची शाल सारखी केली. देणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. मला एवढं एकटं तीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा व्हिडिओ कॉल. केस विंचरलेले, साडी इस्त्रीची. कुणीतरी येणार असल्यासारखी नटून बसली होती.

"सुचे, पडले का गं ते?"

मी कठड्याला टेकले. "पडले, ताई."

"मग येतेस?"

"येते ना. बॅग काढून ठेवलीय."

ताई लहान मुलीसारखी हसली. मग एकदम गोंधळली, कपाळाला हात लावून म्हणाली, "उद्या मी विसरले असेन बघ. उद्या पुन्हा सांगशील ना?"

शेजारी हे नारळ घेऊन खाली बघत उभे होते.

"सांगेन," मी म्हटलं. "रोज सांगेन."