शोरूमबाहेर न पडलेली गाडी

मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे वापरून नव्हे, उभी राहून. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळा प्रवास ट्रकच्या पाठीवरून झाला. शेवटचं अंतर चार माणसांनी ढकलत आणलं. तेव्हापासून मी शोरूमच्या काचेमागे आहे, आणि रस्ता मला फक्त दिसतो.

कारखान्यात शेवटची तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या बॉनेटवरून हात फिरवला आणि "जा बाई, सुखात राहा" म्हणाल्या. इथे सुरुवातीची वर्षं कौतुकात गेली. मुलं स्टिअरिंग फिरवत तोंडाने इंजिनाचा आवाज काढत. मोठी माणसं चाकाला लाथ मारून जाणकार चेहरा करत. पुढे माझ्या धाकट्या बहिणी आल्या, मी कुंडीशेजारच्या कोपऱ्यात सरकले आणि मला नवं काम मिळालं. नवराबायकोला खासगी बोलायचं असलं की ती माझ्यात बसून दारं लावून घेतात. बाहेर कुणाला ऐकू जात नाही. मी काही बाहेर नसते, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्यातलीच एक जोडी माझ्या जिवाभावाची. बाई फिजिओथेरपिस्ट, घरोघरी जाऊन लोकांच्या आखडलेल्या गुडघ्यांना वळण लावणारी. नवरा चित्रकलेचा मास्तर, समोर भांडण दिसलं की रस्ता ओलांडणारा. त्यांनी लीजवर नवी गाडी ठरवली होती. म्हणजे आधी आगाऊ रक्कम भरायची, मग तीन वर्षं दरमहा भाडं देऊन गाडी वापरायची आणि परत करायची. "आठवड्यात गाडी दारात," असं इथल्या विक्रेत्याने सांगितलं, म्हणून त्यांनी जुनी गाडी देऊनही टाकली. या विक्रेत्याला सगळे होऊनजाईलसाहेब म्हणतात. कोणताही प्रश्न विचारा, उत्तर तेच.

आठवड्याचे महिने झाले. बाई भाड्याच्या गाड्यांनी पेशंटकडे जाऊ लागली. आणि मग कंपनीने ऑर्डरच रद्द केली.

"त्या भावात परवडत नाही हो आता," होऊनजाईलसाहेब म्हणाले. "असं करा, ऑर्डर तुम्हीच रद्द करताय असं लिहून द्या. थोडं शुल्क कापलं जाईल, बाकीचे पैसे लगेच. नाहीतर ही घेऊन जा." त्यांनी माझ्या टपावर थाप मारली. "भाडं जरासं जास्त. पण आजच्या आज."

मित्रांनो, टाकीत पेट्रोल असतं तर मी तिथेच सुरू झाले असते.

दोघं आत बसली. दारं लागली.

"दे ना लिहून," नवरा स्टिअरिंग धरून म्हणाला. "पेशंट खोळंबलेत तुझे. नाहीतर हीच घेऊ. हिच्यात वाईट काय आहे?"

हा माणूस मला फार आवडतो.

"वाईट काही नाही, गुणी आहे बिचारी. पण हिची मागची सीट आडवी होत नाही. व्यायामाचं टेबल काय तुमच्या मांडीवर ठेवू? आणि लिहून कशाला द्यायचं? लग्न त्यांनी मोडायचं आणि नकार आपण कळवायचा?"

"अगं, पण उगाच वाद..."

"वाद कसला? रद्द त्यांनी केली, म्हणजे आगाऊ रक्कम पूर्ण परत. दुसरी गाडी गळ्यात मारून घ्यायची सक्ती नाही. त्यांच्या शब्दावर आपण जुनी दिली, तर भाड्याच्या गाड्यांचा खर्चही मागायचा. ग्राहक तक्रार केंद्रात जाऊन विचारून आलेय मी."

"कधी गेलीस?"

"तुम्ही शाळेच्या भिंतीवर झेब्रा रंगवत होतात तेव्हा. आता बाहेर गेल्यावर नुसते माझ्या शेजारी उभे राहा. बोलू नका."

तो उभा राहिला. चांगला ताठ उभा राहिला.

"रद्द तुम्ही केलीत," बाई शांतपणे म्हणाली. "तेव्हा तसं तुम्हीच लिहून द्या."

होऊनजाईलसाहेब बराच वेळ पेन शोधत होते. पेन त्यांच्या खिशालाच होतं.

आगाऊ रक्कम पूर्ण परत आली. भाड्याच्या गाड्यांचा खर्च तक्रार नोंदवल्यावर आला. परवा बाई काचेपलीकडून गेली, दुसरीकडून घेतलेल्या गाडीतून. मागच्या सीटवर टेबल ऐसपैस झोपलं होतं. मला मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू? पण तिने मला नेलं असतं, तर रोज त्या टेबलाशी झटापट करताना मला शिव्या दिल्या असत्या. तिच्या तोंडून मी "गुणी" ऐकलंय, ते मला पुरेसं आहे.

मित्रांनो, तुमच्यावरही असा प्रसंग आला तर घाईने सही करू नका. माझ्यात येऊन बसा, घरच्या माणसाशी बोला, ऑर्डर नक्की कोणी रद्द केली ते एकमेकांना मोठ्याने सांगा आणि मगच बाहेर या. बसायला काही पैसे पडत नाहीत. फक्त उतरताना दार जरा हळू लावा. मला अजून रस्त्यावर जायचं आहे.