पुसलेली मापे

मी एक जुना डेटाबेस आहे, मित्रांनो. डेटाबेस म्हणजे माहितीचे कपाट. पण मला ना दार, ना कडी. दूरच्या एका कंपनीच्या यंत्रांत मी भाड्याने राहतो. श्रवणयंत्रे बसवणाऱ्या एका ताईंच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यासाठी त्यांच्या धाकट्या भावाने मला नऊ वर्षांपूर्वी तयार केले.

कोणत्या कानाला कोणता आवाज किती कमी ऐकू येतो, याची मापे मी सांभाळत असे. ताई नाव टाकत, मी चटकन माप देई. "याची आठवण माझ्यापेक्षा बरी," असे त्या म्हणाल्या की मला, अंगावर मांस नसूनही, मूठभर चढे. काम नसले की मी झोपून जाई. झोपेचे भाडे जवळजवळ लागतच नसे.

एका सकाळी मला जागे व्हायला दहा सेकंद लागले. समोर रुग्ण खोळंबलेला. ताई वैतागल्या, "धाकट्या, हे पेंगतंय बघ!" धाकट्याने लगेच माझे सेटिंग बदलले. मी कधीच झोपायचे नाही आणि वीस दवाखान्यांचे काम पेलेल एवढी ताकद सतत राखून ठेवायची, असे ठरले. मग तो हे साफ विसरला.

महिन्याने बिल आले आणि दोघांचे डोळे पांढरे झाले.

"माहिती फार साठलीय, ताई. जुनी काढून टाकतो."

"काढ बाबा. असंच चाललं तर दवाखान्याला टाळं लावावं लागेल."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला! भाडे राखीव ताकदीचे होते, माहितीचे नव्हते. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. तीन वर्षांत न आलेल्या सगळ्यांची मापे त्याने पुसली. बिल तेवढेच. मग कोणी मला चोरून वापरत असेल, या शंकेने त्याने पासवर्ड बदलला. शेवटी अडीअडचणीसाठी ठेवलेल्या माझ्या प्रतीही पुसल्या. बिल तसूभरही हलले नाही.

अशातच एक बाई आपल्या म्हाताऱ्या सुतार वडिलांना घेऊन आल्या. त्यांचे श्रवणयंत्र पाण्यात पडून बिघडले होते. नव्या यंत्रात जुनी मापे भरायची होती. ताईंनी नाव टाकले. माझ्याकडे काहीच नव्हते.

"पुन्हा तपासू या," ताई हळूच म्हणाल्या.

"कसं तपासणार? आवाज आला की बटण दाबायचं, हे आता बाबांना समजत नाही. माझा आवाज ऐकला तरच जेवतात हो."

ताईंनी अंदाजाने यंत्र लावून पाहिले. सुतारकाकांनी तोंड वाकडे करून ते उपटून काढले. मुलगी "बाबा, बाबा" म्हणत राहिली आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले.

त्या संध्याकाळी धाकट्याने सेटिंगचे पान पहिल्यांदाच नीट वाचले. चूक अगदी वरच्या ओळीत होती. त्याने ताकद कमी केली. पुढच्या महिन्यात बिल उतरले, दवाखाना वाचला. ताईंनी मात्र सुतारकाकांचे नाव पुन्हा एकदा टाकून पाहिले. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, काही बिघडले तर आधी आपण काय बदलले ते आठवा. पुसण्याची घाई करू नका. ती मुलगी अजून दर आठवड्याला फोन करते, "बाबांचं माप सापडलं का हो?" ताई पुन्हा नाव टाकतात. मी पुन्हा सांगतो, नोंद नाही.