अक्काची शेवटची तान

आमच्या हुलसूरच्या लोकांना एक खोड हाय. पुढारी दिसला की हातातलं काम टाकून हार शोधायला पळतेत. मयताला निघालेले बी आधी सत्कार उरकून घेतील.

माझ्या थोरल्या बहिणीला, रेणुका अक्काला, घशाचा कॅन्सर निघाला. कलबुर्गीच्या डॉक्टरनं सांगितलं, सोमवारी आपरेशन, स्वरयंत्रच काढायचं. जन्मभर गाणं गाऊन, शिकवून जगलेली बाई. ती रडली न्हाई. म्हणली, "मंजू, शनिवारी जत्रंत बागेश्री गाते. एक तान मनासारखी पुरी गाते, मग काढू देत काय काढायचं ते." तवापासून तिनं बोलणंच सोडलं. चहा पायजे असला तरी हातानं खुणा. उरलेला आवाज त्या एका तानेसाठी राखायली होती. पेटीची साथ माझी.

शनिवारी रातच्याला मांडवात बसलो. आलाप तिनं जपून घेतले, मग लय वाढवली, आणि तान सुटली. खालच्या सप्तकातनं एका दमात वर निघाली, एकेक सूर ज्वारीच्या दाण्यावानी सुटा. माझी बोटं मागं पडायलती. लई बरं वाटलं मला, डोळे भरून आले. एवढ्यात निवेदक व्यंकटनं तिच्या तोंडापुढचा माइक उचलला. "आदरणीय साहेबांचं आगमन झालेलं आहे."

अक्का थांबली न्हाई. माइकाबिगर, त्या स्पीकरच्या वर आवाज चढवून गायली. मी पेटी वाजवतच म्हणले, "व्यंकट, मुडद्या, तान तरी पुरी होऊ दे."

"दोनच मिनिटं, ताई. तान काय पळून जायलीय व्हय?"

वरच्या षड्जाला अक्काचा आवाज जुन्या लुगड्यावानी टरकन फाटला. तिनं घसा धरला.

मग शाल झाली, नारळ झाला. साहेब म्हणले, कलावंताचा बी सत्कार करा. अक्काच्या खांद्यावर शाल पडली आणि व्यंकटनं माइक तिच्या तोंडाशी आणला. "अक्का, दोन शब्द बोला."

तिचे ओठ हलले. नुसती हवा आली. मी जीव मुठीत धरून तिच्या तोंडाकडं बघायलते. तिनं परत जोर लावला. काहीच न्हाई.

"अक्का भारावून गेल्यात," व्यंकट म्हणला. सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या, साहेबांनी तर उभं ऱ्हाऊन वाजवल्या.